एचओए कमिटीचे व्हॉलंटियर आणि कमरेची बंदूक: नियम कसा लिहायचा

अमेरिकेत बऱ्याच कॉलन्यांत घर घेतलं की एचओए (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची संघटना) आपोआप गळ्यात पडते, आणि चार मीटिंगांना वेळेवर हजर राहिलं की कोणीतरी म्हणतंच, तुम्ही पण या की बोर्डावर. आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात. मग लॉन, कुंपण, रंग, पार्किंग, पूलच्या चाव्या असलं सगळं सुरू होतं आणि त्यातच कधीतरी ईमेल येतो की अमुक कमिटीतले एक काका राउंड मारताना पिस्तूल लावून फिरतात, हे आपल्याकडे चालतं का? बोर्डावर पाच जण असतील तर पाच मतं. एकाला सगळी हत्यारं बंद करायचीयत, एक म्हणतो सेकंड अमेंडमेंट (घटनेतला बंदूक बाळगायचा हक्क) आहे हात लावू नका, उरलेले तिघं घड्याळ बघतात. आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो.

हे लिहितोय ते अशा बोर्डावर बसलेल्या मराठी मंडळींसाठी. वकिलाला पर्याय म्हणून नाही, वकिलाकडे जायच्या आधी आपल्या डोक्यात गोष्टी नीट लागलेल्या असाव्यात म्हणून, कारण तो तासावर पैसे घेतो आणि "बंदुकीचं काय करायचं" एवढाच प्रश्न घेऊन गेलात तर पहिला तास त्याला तुमचा प्रश्न काय आहे हे कळण्यातच जाईल.

आधी तीन प्रश्न वेगळे करा

पहिला प्रश्न, माणसाने स्वतःच्या घरात बंदूक ठेवावी का. यात पडूच नका. दुसरा, क्लबहाऊस, पूल, ट्रेल असल्या सामायिक जागेत रहिवाशांनी आणि पाहुण्यांनी हत्यार आणावं का. हा मोठा प्रश्न आहे, त्याला बहुतेक ठिकाणी सीसीअँडआर्स (कॉलनीची मूळ नियमावली) उघडावे लागतात, सदस्यांचं मतदान लागतं, ६७ किंवा ७५ टक्के असली अट असते आणि एवढी माणसं तर वार्षिक मीटिंगलाही येत नाहीत. तिसरा प्रश्न, एचओएच्या नावाने काम करत असताना, म्हणजे कमिटीचा माणूस म्हणून घराची पाहणी करताना, गेटवर उभं राहताना, राउंड मारताना, व्हॉलंटियरने हत्यार बाळगावं का. हा लेख फक्त या तिसऱ्याबद्दल आहे.

तिसरा सोपा का, तर कमिटी बोर्डाने नेमलेली असते, बहुतेक बायलॉजमध्ये बोर्ड तिला केव्हाही बदलू शकतं. व्हॉलंटियर होणं हा कोणाचा मालकी हक्क नाही. त्यामुळे "आमच्या वतीने हे काम करायचं असेल तर अशा पद्धतीने करा" हे बोर्ड साध्या रेझोल्यूशनने सांगू शकतं. तुम्ही माणसाच्या हक्कावर नियम करत नाही आहात, तुमच्याच कामावर करताय. हा फरक मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाका, निम्मा आवाज तिथेच खाली येतो.

सेकंड अमेंडमेंटचं म्हणाल तर ते सरकारला बांधतं. २००८ चा हेलर, २०१० चा मॅकडॉनल्ड, २०२२ चा ब्रूएन हे तिन्ही सुप्रीम कोर्टाचे निकाल सरकारी कायद्यांबद्दल आहेत (वॉशिंग्टन डीसी, शिकागो, न्यूयॉर्क). एचओए ही खाजगी संस्था. म्हणून "हे घटनाविरोधी आहे" हा मुद्दा सहसा टिकत नाही. पण यावर खूश होऊन थांबू नका, कारण खरी मेख राज्याच्या कायद्यात असते.

राज्याचा कायदा, इथेच सगळे घसरतात

दुसऱ्या राज्यातल्या मित्राच्या एचओएचा नियम मागवून कॉपी-पेस्ट करायचा मोह होतो. करू नका. काही उदाहरणं सांगतो म्हणजे कळेल किती फरक पडतो ते.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा आहे की मालक संघटनेला आपल्या नियमावलीत असं कलम ठेवता किंवा लागू करता येत नाही ज्याने कायदेशीररीत्या बंदूक किंवा गोळ्या बाळगणं, नेणं, साठवणं यावर बंदी किंवा निर्बंध येतो. शब्द फार रुंद आहेत. मग व्हॉलंटियरवरचा नियम त्यात सापडतो का? म्हणजे "हे काम करताना बाळगू नका" ही नियमावलीतली बंदी झाली की नेमणुकीची अट झाली, यावर वाद घालता येतो, म्हणूनच टेक्सासमध्ये हा कागद स्थानिक एचओए वकिलाच्या हातून गेल्याशिवाय बोर्डासमोर ठेवूच नका. तिथे नियमापेक्षा मी खाली सांगतोय तो कामाची व्याप्ती कापायचा मार्ग जास्त कामाचा.

फ्लोरिडात वेगळीच गंमत. २००८ चा पार्किंग लॉटवाला कायदा आहे, की एम्प्लॉयरला आपल्या पार्किंगमध्ये माणसाच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवायला मनाई करता येत नाही. आता कोणीही म्हणेल हे नोकरदारांसाठी, आपले तर सगळे फुकट काम करणारे. पण त्या कायद्यात एम्प्लॉयीची व्याख्या वाचली तर तिच्यात व्हॉलंटियर आणि इंटर्न सरळ नाव घेऊन बसवलेत. तेव्हा "गाडीतही नको" असं वाक्य फ्लोरिडाच्या नियमात घातलंत तर स्वतःहून खड्ड्यात उडी. माझं मत विचाराल तर कुठल्याच राज्यात गाडीच्या भानगडीत पडू नये, तिथून फायदा काही मिळत नाही. कुलूप लावा, काचेतून दिसेल असं ठेवू नका, एवढं तोंडी सांगा की झालं.

फ्लोरिडातच आणखी एक, आणि हे बऱ्याच बोर्डांना माहीत नसतं. तिथल्या कायद्याप्रमाणे खाजगी बंदुकांची किंवा त्यांच्या मालकांची यादी जाणूनबुजून ठेवायला मनाई आहे, आणि ही मनाई फक्त सरकारी खात्यांना नाही, खाजगी लोकांनाही आहे. म्हणजे मॅनेजमेंट कंपनीतल्या कोणी उत्साहाने व्हॉलंटियर फॉर्मवर "तुमच्याकडे बंदूक आहे का, परमिट नंबर काय" असा रकाना टाकला आणि एक्सेल शीट बनवली, तर नियम मोडणारे तुम्हीच. राज्य कुठलंही असो, अशी यादी ठेवूच नका. लागते कशाला? नियम "कामावर असताना बाळगू नका" असा आहे, घरी किती आहेत याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही.

विस्कॉन्सिन उलट्या टोकाला. तिथे ज्याने आपल्या जागेत कन्सिल्ड कॅरीला (कपड्याआड लपवून बंदूक बाळगण्याला) मनाई केली नाही त्याला त्या निर्णयापासून उद्भवणाऱ्या दाव्यांत संरक्षण मिळतं. म्हणजे मनाई करणं हेच नेहमी सुरक्षित असतं असं डोळे मिटून धरता येत नाही. मनाई केली आणि अंमलबजावणी केली नाही तर वकील विचारणारच, धोका माहीत होता म्हणून नियम केलात ना, मग केलंत काय?

परमिटशिवाय बाळगायची मुभा २०२४ पर्यंत २९ राज्यांत आली. तिथे लोकांना वाटतं आता कुठेही चालतं. पण फेडरल गन-फ्री स्कूल झोन कायदा आहे, शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत. त्याला अपवाद खाजगी जागेचा आणि राज्याचं लायसन्स असलेल्याचा आहे. म्हणजे परमिट न काढलेला व्हॉलंटियर राउंड मारताना खाजगी हद्द सोडून शाळेजवळच्या सार्वजनिक फुटपाथवर आला की फेडरल कायद्यात अडकू शकतो. कॉलनीच्या कोपऱ्यावर प्राथमिक शाळा असणं किती कॉमन आहे ते बघा. वार्षिक मीटिंगही बऱ्याचदा शाळेच्या कॅफेटेरियात, लायब्ररीत किंवा चर्चमध्ये असते, तिथे तुमच्या नियमाच्या आधी त्या जागेचा नियम लागतो.

आणि निवृत्त पोलीस. प्रत्येक कॉलनीत एक असतातच आणि चांगले असतात बिचारे. ते म्हणतील मला लिओसा लागू आहे, २००४ चा फेडरल कायदा, मी देशात कुठेही बाळगू शकतो. बरोबर आहे, पण त्याच कायद्यात लिहिलंय की खाजगी मालकाला आपल्या जागेवर कन्सिल्ड हत्यार रोखू देणारे राज्याचे कायदे त्याने रद्द होत नाहीत. हे त्यांना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवू नका, आधी फोन करून बोला, पटतं त्यांना.

सॅनफर्डचं प्रकरण बोर्डाने का वाचावं

२६ फेब्रुवारी २०१२ ला फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये, द रिट्रीट ॲट ट्विन लेक्स नावाच्या गेटेड कॉलनीत १७ वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन मारला गेला. गोळी झाडणारा तिथल्या नेबरहुड वॉचचा (रहिवाशांनीच कॉलनीवर नजर ठेवायची योजना) व्हॉलंटियर होता, त्याच्याकडे बंदुकीचं परमिटही होतं. जुलै २०१३ मध्ये तो फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला. देशभर चर्चा झाली ती वर्णभेदाची आणि स्टँड युअर ग्राउंडची (मागे न हटता स्वसंरक्षणात बळ वापरू देणारा कायदा), आणि ती व्हायलाच हवी होती. पण एचओए बोर्डाच्या कामाची बातमी छोट्या रकान्यात होती: एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, तिथल्या एचओएने मुलाच्या आईवडिलांशी तडजोड केली. आकडा जाहीर केला नाही, बातम्यांत दहा लाख डॉलरच्या वर सांगितला गेला.

गोळी एचओएने झाडली नव्हती, मग पैसे का द्यावे लागले असं वाटतं ना? कारण तो माणूस कोणाच्या नावाने फिरत होता हा प्रश्न दिवाणी दाव्यात उभा राहतो. कॉलनीच्या न्यूजलेटरमध्ये वॉचचा कॅप्टन म्हणून त्याचं नाव होतं, काही दिसलं तर पोलिसांनंतर याला कळवा म्हणून. आणि त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्या संध्याकाळी तो ड्यूटीवर नव्हताच, गाडीने दुकानात निघाला होता. तुमचा नियम फक्त "ड्यूटीच्या वेळेत" म्हणत असेल तर नेमकी ही परिस्थिती त्यातून सुटते. हे पुढे नियमात कसं बसवायचं ते सांगतो.

नॅशनल शेरिफ्स असोसिएशन १९७२ पासून नेबरहुड वॉच चालवते, त्यांचं मॅन्युअल आधीपासून हेच सांगतं की वॉचच्या लोकांना पोलिसांचे अधिकार नाहीत, त्यांनी हत्यार बाळगू नये, गाड्यांचा पाठलाग करू नये. बघा, कळवा, लांब राहा. तुमच्या नियमाला आधार हवा असेल तर यापेक्षा चांगला मिळणार नाही, कारण हे बंदूकविरोधी लोकांचं म्हणणं नाही, शेरिफ लोकांचं आहे. मीटिंगमध्ये हा फरक फार उपयोगी पडतो.

इन्शुरन्स एजंटला आधी ईमेल

वकिलाच्याही आधी. आणि फोन नको, ईमेलच, म्हणजे उत्तर लेखी येईल. विचारायचं असं: आपल्या जनरल लायबिलिटी पॉलिसीत फायरआर्म्स एक्सक्लूजन (बंदुकीमुळे झालेलं नुकसान वगळणारं कलम) आहे का, असॉल्ट अँड बॅटरी (मारहाणीचं) एक्सक्लूजन आहे का, व्हॉलंटियर "इन्शुअर्ड" च्या व्याख्येत येतात का आणि कुठल्या कामापुरते, अंब्रेला पॉलिसी (मूळ पॉलिसीच्या वरचं जादा कव्हर) यातलं काय उचलते आणि काय नाही, आणि बोर्डाने हत्यारबंद राउंडला लेखी किंवा तोंडी मान्यता दिली तर कव्हरेजवर काय परिणाम होईल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकदा मीटिंगमध्ये वाचून दाखवलं की नंतर भाषणबाजी उरत नाही. मुद्दामहून केलेली इजा जनरल लायबिलिटीत साधारण वगळलेली असते, स्वसंरक्षणासाठी वाजवी बळ वापरलं तर बऱ्याच पॉलिसींत अपवाद असतो, पण वर फायरआर्म्सचं एक्सक्लूजन चिकटवलेलं असेल तर तो अपवाद काय कामाचा. आणि डीअँडओ (डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स, बोर्डाच्या निर्णयांवरच्या दाव्यांसाठीची) पॉलिसी, जिच्यावर बोर्डाचे लोक निर्धास्त असतात, तिच्यात शारीरिक इजा सहसा वगळलेलीच असते.

कोणीतरी १९९७ चा फेडरल व्हॉलंटियर प्रोटेक्शन ॲक्ट काढेल. तो साध्या निष्काळजीपणापुरताच आहे, गुन्हा, मुद्दाम केलेलं कृत्य, ढळढळीत बेपर्वाई याला नाही, आणि मुख्य म्हणजे तो व्हॉलंटियरला वाचवतो, संस्थेला नाही. शिवाय प्रत्येक एचओए त्याच्या व्याख्येत बसतेच असंही नाही.

हत्याराच्या आधी काम कापा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि याच्यावर बोर्ड सगळ्यात कमी वेळ घालवतात. व्हॉलंटियर बंदूक का लावतो? काही लोक सवयीने लावतात, रोजच लावतात, त्यांचं सोडा. पण बरेचसे घाबरलेले असतात, आणि भीती काही खोटी नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला चर्चमध्ये भरलेल्या एचओए मीटिंगमध्ये एका रहिवाशाने गोळीबार केला आणि त्यात दोघांचा जीव गेला. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत चुकीच्या घराची बेल वाजवली म्हणून १६ वर्षांच्या मुलावर गोळ्या झाडल्या, त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्यात चुकीच्या ड्राइव्हवेत वळलेल्या गाडीवर गोळी झाडली आणि त्यात २० वर्षांची मुलगी गेली. अशा देशात तुम्ही एका रिटायर्ड माणसाला क्लिपबोर्ड देऊन म्हणता, जा, मागच्या अंगणातलं शेड मोजून या. तो घाबरणार नाही तर काय.

म्हणून आधी कामाची यादी करा आणि प्रत्येक कामासमोर लिहा की यात व्हॉलंटियर अनोळखी किंवा चिडलेल्या माणसासमोर कधी येतो. आर्किटेक्चरल कमिटीची (घराबाहेरचे बदल तपासणारी) पाहणी रस्त्यावरून किंवा फुटपाथवरून, फोटो तिथूनच. आत जायचं असेल तर मालकाने ईमेलवर वेळ दिल्यावरच, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून. कुंपणावरून डोकावणं बंद. व्हायलेशन नोटीस हातात द्यायची नाही, दारावरही चिकटवायची नाही, मॅनेजमेंट कंपनी पोस्टाने पाठवेल, त्यासाठीच तिला पैसे देतो ना आपण. पूल बंद करायच्या वेळी दंगा करणाऱ्या पोरांना हाकलणं हे व्हॉलंटियरचं काम नाही, टायमरवालं गेट लावा. टो ट्रक बोलावला तर गाडीजवळ उभं राहायचं नाही. कोणाच्या घरी आधी धमकीचा प्रकार झाला असेल तर तिथे कमिटीने जायचंच नाही, वकिलाचं पत्र जाईल.

रात्रीचा राउंड खरंच हवाय का याचा विचार करा. हवाच असेल तर लायसन्सवाली सिक्युरिटी कंपनी घ्या, तिचा करार, तिचा इन्शुरन्स, त्यात आपली एचओए ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून, म्हणजे त्या पॉलिसीचं कव्हर आपल्यालाही. फ्लोरिडात गार्डला क्लास डी लायसन्स लागतं आणि बंदूक बाळगणाऱ्याला वर क्लास जी, कॅलिफोर्नियात वेगळं फायरआर्म परमिट लागतं. बाकीच्या राज्यांतही काही ना काही असतं. तुमच्या व्हॉलंटियरने पिवळं जॅकेट, टॉर्च आणि पिस्तूल लावून गस्त घातली तर बघणाऱ्याला तो गार्डच वाटणार, आणि कोर्टालाही तसंच वाटलं तर?

काम एवढं कापलं की राहिलेल्या कामाला बंदूक लागते असं म्हणायला जागाच राहत नाही. कापलं नाही आणि नुसती बंदी घातली तर लोक ती मोडतात, गुपचूप, शर्टाच्या आत. आणि ते तुम्हाला कळत पण नाही.

हत्याराची व्याख्या, जरा डोकं वापरून

"कोणतंही हत्यार" असं लिहिलंत तर लँडस्केप कमिटीच्या काकू गुलाबाची कात्री घेऊन आल्या की नियम मोडला. स्विस नाईफ, बॉक्स कटर, कुऱ्हाड (वादळात झाड पडल्यावर), सगळंच त्यात येईल. बंदुका, टेझरसारखी विजेची उपकरणं, आणि इजा करण्यासाठी बनवलेली शस्त्रं एवढं पुरे. कामाची अवजारं कामापुरती चालतील असं स्पष्ट लिहा.

पेपर स्प्रेवर प्रत्येक बोर्डात अर्धा तास जातो. मोकाट कुत्र्यासाठी असो की संध्याकाळी एकट्या चालणाऱ्या बाईसाठी, मी तरी तो चालू द्यावा म्हणतो, राज्याच्या कायद्याने चालत असेल तर. फक्त ते एचओएने वाटायचं नाही, विकत घेऊन द्यायचं नाही, ज्याचं त्याने बघावं.

कृपाण आधीच लिहून टाका. शीख सदस्य कमिटीत असेल आणि तुमच्या व्याख्येत "पातं असलेलं काहीही" असेल तर तुम्ही धर्माचा प्रश्न ओढवून घेतला, आणि फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये धर्मावरून भेदभावाला १९६८ पासून मनाई आहे. धार्मिक कारणाने अंगावर धारण केलेली वस्तू या नियमात येत नाही, एक वाक्य, संपलं.

मसुदा

वकिलाला द्यायला साधारण असा ढाचा न्या, इंग्रजीत तो करेल:

"असोसिएशनने नेमलेला कोणताही कमिटी सदस्य किंवा व्हॉलंटियर असोसिएशनच्या वतीने काम करत असताना, किंवा स्वतःला असोसिएशनचा प्रतिनिधी म्हणून सांगत असताना, अंगावर बंदूक किंवा वर व्याख्या केलेलं हत्यार बाळगणार नाही. असोसिएशनने कोणालाही हत्यार बाळगून काम करायला सांगितलेलं नाही आणि तशी परवानगी देण्याचा अधिकार कोणत्याही बोर्ड सदस्याला, कमिटी अध्यक्षाला किंवा मॅनेजरला एकट्याने नाही. व्हॉलंटियर कोणालाही अडवणार नाही, पाठलाग करणार नाही, ताब्यात घेणार नाही. संशयास्पद काही दिसल्यास ९११ किंवा पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर कळवून तिथून दूर जाईल. नेमून दिलेल्या कामाबाहेर, स्वतःच्या वेळेत केलेली कोणतीही कृती असोसिएशनच्या वतीने केलेली नाही, आणि अशा वेळी व्हॉलंटियर कमिटीचं पद, बॅज किंवा जॅकेट वापरणार नाही. हा नियम सदस्याच्या घरातल्या, त्याच्या स्वतःच्या गाडीतल्या किंवा सदस्य म्हणून असलेल्या त्याच्या कायदेशीर हक्कांना लागू नाही."

"स्वतःला प्रतिनिधी म्हणून सांगत असताना" आणि ते स्वतःच्या वेळेतलं वाक्य, ही दोन्ही सॅनफर्डसारख्या परिस्थितीसाठी आहेत. वकील कापायला निघाला तर कारण विचारा. आणि शेवटचं वाक्य काढू नका, त्याच्यावरच मतं मिळतात.

बोर्डाच्या सदस्यांनाही हाच नियम. नाहीतर कमिटीवाले म्हणणार आम्हाला वेगळं आणि साहेबांना वेगळं का, आणि त्यांचं बरोबर असेल.

मंजूर करताना

उघड मीटिंगमध्ये, अजेंड्यावर टाकून, मिनिट्समध्ये नोंद करून. नोटीसचा कालावधी राज्यावर आणि नियमाच्या प्रकारावर असतो, कॅलिफोर्नियात ऑपरेटिंग नियम बदलायचा तर सदस्यांना किमान २८ दिवस आधी कळवावं लागतं, फ्लोरिडात घराच्या किंवा प्लॉटच्या वापरावरचा नियम असेल तर मीटिंगच्या १४ दिवस आधी. व्हॉलंटियरपुरता नियम यात बसत नाही असं वकील म्हणाला तरी नोटीस द्या, लपूनछपून केला असा आरोप तरी होणार नाही. या विषयाची मीटिंग ऑनलाइन ठेवली तर वातावरण बरंच थंड राहतं.

"नो गन्स" च्या पाट्या लावायची घाई नको. व्हॉलंटियरच्या नियमाला पाटी लागतच नाही, पाटी हा दुसऱ्या प्रश्नाचा, सामायिक जागेचा विषय. आणि लावायचीच झाली तर कित्येक राज्यांत तिचं माप, मजकूर ठरलेला असतो, इलिनॉयमध्ये ४ बाय ६ इंच आणि स्टेट पोलिसांनी ठरवलेलीच. घरी प्रिंट काढून टेपने चिकटवलेला कागद कोणी विचारात घेत नाही.

नियम मोडला तर

झडती नाही. अंग चाचपणं नाही, "दाखवा जरा" नाही, शर्ट वर करायला सांगणं तर अजिबात नाही. कोणी तक्रार केली किंवा दिसलं तर अध्यक्षाने किंवा मॅनेजरने नंतर खाजगीत फोन करायचा, नियमाची प्रत पाठवायची. पुन्हा झालं तर कमिटीतून काढायचं, बोर्डाच्या ठरावाने, चार ओळींच्या पत्राने. दंड लावू नका, दंडाची प्रक्रिया वेगळी असते आणि इथे तिची गरजही नाही. पण एकाला काढलं आणि दुसऱ्याला मित्र म्हणून सोडलं तर तुमचा नियम तिथेच मेला.

धमकी देतोय किंवा हत्यार बाहेर काढलंय, तर हा एचओएचा विषयच नाही. मीटिंग सोडा, बाहेर पडा, ९११.

आता खास आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. एच-१बी, एल-१, एफ-१ वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना ती मनाई नाही. बऱ्याच कमिट्यांवर आपले व्हिसावरचे लोक आहेत, आणि त्यांना कधी कोणी म्हणतं की जरा हे धर, मी शिडीवर चढतो, किंवा क्लबहाऊसच्या सोफ्यावर कोणाचं तरी पिस्तूल विसरलेलं सापडतं आणि चांगुलपणाने उचलून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवावंसं वाटतं. हात लावायचा नाही. खोली रिकामी करायची, दाराशी उभं राहायचं, पोलिसांना फोन करायचा आणि ते आल्यावर त्यांनाच उचलू द्यायचं. सिटिझन असलात तरी हेच करा, पण व्हिसावर असलात तर बंदूक थोडा वेळ हातात असण्यावरूनही इमिग्रेशनची भानगड उभी राहू शकते. व्हॉलंटियर ओरिएंटेशनमध्ये हे सांगताना "ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांनी" असं म्हणून लोकांकडे बघू नका, कोणाचं काय स्टेटस आहे ते विचारायचा बोर्डाला काही अधिकार नाही, सरसकट सगळ्यांना सांगा.

दरवर्षी कमिट्या नव्याने नेमल्या जातात तेव्हा हा एक पानी कागद सहीसाठी फिरवा, नियम वाचला आणि समजला एवढंच, जुन्या मेंबरांकडूनही. आणि इन्शुरन्स रिन्यूअलच्या वेळी एजंटला तोच ईमेल परत पाठवा, कारण एक्सक्लूजन्स वर्षागणिक बदलतात आणि रिन्यूअलची जाडजूड फाइल कोणी वाचत नाही.